सपाट पाय आणि शस्त्रक्रिया

ओले पाऊल शहाबादी फरशीवर टेकवले, की बहुतेकांच्या ठशात आतली बाजू कोरडी राहते. माझा ठसा मात्र अखंड उमटतो. यालाच सपाट पाय म्हणतात. केंद्रीय निमलष्करी दलांच्या भरतीत सपाट पायाचा उमेदवार अपात्र ठरतो. त्यामुळे भरतीची तयारी करणारे माझे वर्गमित्र विचारतात, "ऑपरेशन करून कमान बसवून घेता येते का?" या प्रश्नाविषयी मी जे वाचले, ते थोडक्यात मांडतो.

लहान मुलांचे पाय सपाटच असतात; कमान पुढे हळूहळू तयार होते. भारतातील २३०० मुलांची एक पाहणी १९९२ साली प्रसिद्ध झाली. तीत पादत्राणे वापरणाऱ्या मुलांपैकी ८.६ टक्के मुलांचे पाय सपाट आढळले, तर अनवाणी फिरणाऱ्यांत हे प्रमाण अवघे २.८ टक्के होते.

सपाट पायाचे दोन प्रकार असतात. चवड्यांवर उभे राहिल्यावर कमान दिसू लागली, तर पाय लवचिक समजावा. असा पाय दुखत नसेल, तर त्याला कोणताच उपचार लागत नाही. कमान दिसलीच नाही, तर पाय ताठर असण्याचा संभव असतो. कधी दोन हाडे जन्मतःच एकमेकांस जोडलेली असतात. प्रौढ वयात कमान उचलून धरणारी घोट्याच्या आतील बाजूची कंडरा, म्हणजे स्नायू हाडास जोडणारी दोरी, झिजूनही पाय सपाट होतो.

व्यायाम, बुटातील आधार आणि औषधे यांनी वेदना थांबली नाही, तरच शस्त्रक्रियेचा विचार होतो. झिजलेल्या कंडरेच्या मदतीला बोटे वाकवणारी शेजारची कंडरा आणून जोडतात. टाचेचे हाड कापून सुमारे एक सेंटिमीटर आत सरकवतात व स्क्रूने बसवतात. त्याच हाडाच्या पुढील भागात हाडाची पाचर घालून पावलाची बाहेरील बाजू लांबवण्याची पद्धत डिल्विन इव्हान्स यांनी १९७५ साली मांडली. पोटरीची कंडरा आखूड असेल, तर तीही लांबवतात. जन्मतः जोडलेली हाडे मधला सांधा कापून मोकळी करतात. सांधेच खराब झाले असतील, तर ते कायमचे जखडून टाकतात. वेदना जाते, पण पाऊल आतबाहेर वळत नाही आणि खडबडीत वाटेवर चालणे अवघड होते.

हाडावरील शस्त्रक्रियेनंतर साधारणपणे सहा आठवडे पायावर भार देता येत नाही, आणि पाय पूर्ववत होण्यास सहा महिने ते वर्ष लागते. जंतुसंसर्ग, बधिरपणा, हाड न जुळणे हे धोके असतातच.

म्हणून मित्रांना माझे सांगणे असे, की ही शस्त्रक्रिया वेदनेसाठी आहे, ठशासाठी नाही. न दुखणारा पाय भरतीसाठी कापून घेतला, तर व्रण आणि स्क्रू तपासणीत लपणार नाहीत, आणि चांगला चालणारा पाय मात्र पणाला लागेल. पाय दुखत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे जरूर जावे. दुखत नसेल, तर त्याच पायांनी खुशाल चालावे. मीही तेच करतो.