होल्याची ओळख व निरीक्षण

खळ्यावर किंवा शाळेच्या अंगणात दाणे टिपीत फिरणारा होला प्रत्येक मुलाने पाहिलेला असतो. परंतु त्याच्या मानेवर कोणती खूण असते, असे विचारले असता फार थोडी मुले उत्तर देऊ शकतात. नुसते पाहणे आणि निरीक्षण करणे यांतील हा भेद मुलांच्या ध्यानी आणून देणे, हा निसर्गपाठाचा मुख्य हेतू होय.

होल्याची जात ओळखण्यासाठी प्रथम मान पाहावी. साळुंकीहून किंचित मोठा, सुमारे २६ सेंटिमीटर लांबीचा तो लहान तपकिरी होला. त्याच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंस तांबूस रंगावर बारीक काळे ठिपके असतात व पंखांवर निळसर राखी छटा असते. मानेमागे काळ्या पट्ट्यावर पांढरे ठिपके दिसले, तर तो ठिपक्यांचा होला. मातकट राखी रंगाच्या थोराड पक्ष्याच्या मानेमागे काळी अर्धी कंठी असेल, तर तो कंठीचा होला समजावा. पहिला व तिसरा कोरड्या, मोकळ्या मुलखात अधिक आढळतात. दुसऱ्यास झाडी व ओलावा मानवतो.

अंगणात मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवावे. चिमणी घोट घेऊन मान वर करते. होला मात्र चोच पाण्यातच ठेवून पाणी ओढून घेतो. हा फरक मुलांना आधी सांगू नये. त्यांनाच तो शोधू द्यावा.

होल्याचे घरटे म्हणजे मोजक्या काड्यांची विरळ रचना. त्यात बहुधा दोन पांढरी अंडी असतात. नर व मादी आळीपाळीने सुमारे दोन आठवडे ती उबवितात. पिले निघाल्यावर दोघांच्याही अन्नपिशवीत दुधासारखा पदार्थ तयार होतो व तोच पिलांना भरविला जातो. आणखी सुमारे दोन आठवड्यांनी पिले घरटे सोडतात.

घरट्याजवळ वारंवार गेल्यास होला ते सोडून देण्याचा संभव असतो. म्हणून निरीक्षण दुरूनच करावे, अंड्यांस हात लावू देऊ नये, आणि तारीख, वेळ व प्रत्यक्ष दिसलेली गोष्ट एवढेच वहीत नोंदवून घ्यावे. ऐकीव माहिती त्यात नसावी. ज्या मुलाने महिनाभर एका घरट्याची अशी नोंद ठेवली, त्याच्या बेचकीतील खडा होल्यावर सहसा सुटत नाही.