उभ्या रेषा, आडव्या रेषा

पहिल्या वर्षाला जगाचा प्रादेशिक भूगोल घेणाऱ्या मुलांकडे एक यादी आधीपासून तयार असते: देश, राजधानी, मुख्य पीक, खनिजं. शाळेत या यादीवर चांगले गुण मिळालेले असतात, त्यामुळे कॉलेजात ती फक्त लांबेल अशी त्यांची समजूत असते. यादीला माझा विरोध नाही, नावं माहीत असायलाच हवीत. पण यादी पाठ करून जग कळत नाही हे त्यांना पहिल्याच प्रात्यक्षिकात उमगावं असं मला वाटतं. म्हणून सुरुवातीला मी पुस्तक उघडू देत नाही. आलेख कागद, एच पेन्सिल, पट्टी आणि बारा महिन्यांच्या आकड्यांच्या दोन ओळी एवढंच देतो. एक ओळ सरासरी तापमानाची, दुसरी पावसाची. ठिकाणाचं नाव नसतं.

डावीकडे तापमान, उजवीकडे पाऊस. आधी निळे स्तंभ, मग लाल वक्र. काम सोपं आहे, पण प्रमाण निवडताना पहिली अडचण येते. आमचं कॉलेज सातारा जिल्ह्यातलं, म्हणून सरावाला महाबळेश्वर आणि म्हसवड ही जोडी असते. साडेपाच हजार मिलीमीटरच्या वरचा पाऊस एकीकडे, पाचशेच्या आसपासचा दुसरीकडे, आणि मधे सरळ रेषेत जेमतेम सव्वाशे किलोमीटर. महाबळेश्वरला पुरेल असं प्रमाण घेतलं तर म्हसवडचे स्तंभ मुंगीएवढे होतात. म्हसवडला धरून घेतलं तर महाबळेश्वरचा जुलै कागदाबाहेर जातो. दोन्ही ठिकाणं एकाच कागदावर, एकाच प्रमाणात बसवायची, हा नियम मी मोडू देत नाही. तुलना करायची तर माप एक हवं, हे सांगून पटत नाही, हाताने काढताना पटतं.

मग अनोळखी ठिकाणं येतात. त्यातलं एक मी दरवर्षी मुद्दाम देतो. पाऊस मे ते ऑगस्टमध्ये, जून-जुलैत सर्वांत जास्त, वर्षाचा एकूण सुमारे तीनशे. निळे स्तंभ उभे राहिले की वर्गात ओळखीचा आनंद पसरतो. "सर, हे आपल्याकडचंच. माण नाहीतर जत." मी काहीच बोलत नाही, लाल वक्र पूर्ण होऊ देतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चढतो आणि पावसाबरोबर थोडा उतरतो. या कागदावर जानेवारी सर्वांत उष्ण, एकवीस अंशांच्या आसपास, आणि ऐन पावसाचा जुलै आठ अंशांचा. पेन्सिली थांबतात. मग कुणीतरी, बहुधा मागच्या बाकावरून, म्हणतं की हे विषुववृत्ताच्या खालचं असणार.

ते असतं सांतियागो, चिलीची राजधानी. तिथला पाऊस हिवाळ्याचा. हिवाळ्यात वायुदाबाचे पट्टे उत्तरेकडे सरकतात आणि पॅसिफिकवरचे पश्चिमी वारे सांतियागोपर्यंत पोचतात. उन्हाळ्यात जास्त दाबाचा पट्टा दक्षिणेला येऊन त्यांची वाट अडवतो. हवामान भूमध्य सागरी, म्हणून द्राक्षं आणि वाइन. हे शेवटचं वाक्य मुलांच्या यादीत आधीपासून होतं, पण त्यामागचं कारण नव्हतं.

चिली सोडवत नाही, कारण या चिंचोळ्या देशाने माझ्या वर्गातला सर्वांत चांगला वाद दिला आहे. देशाची लांबी सुमारे 4,300 किलोमीटर, आणि पूर्वेला पूर्ण लांबीभर अँडीज. सह्याद्रीच्या पायथ्याशी वाढलेल्या मुलांना पर्जन्यछाया समजावून सांगावी लागत नाही. पश्चिमेला पाऊस, पूर्वेला कोरडं, हे त्यांनी एसटीच्या खिडकीतून पाहिलेलं असतं. त्यामुळे अँडीजच्या पूर्वेचं अर्जेंटिनातलं कोरडं पॅटागोनिया त्यांना लगेच पटतं. पण उत्तर चिलीतलं आरिका डोंगराच्या पश्चिमेला आहे, अगदी समुद्रकाठी, आणि तिथे वर्षाची सरासरी एक मिलीमीटरसुद्धा भरत नाही. ऑक्टोबर 1903 ते जानेवारी 1918 असे सलग 173 महिने तिथे पाऊस पडला नाही, तो जागतिक विक्रम आहे. समुद्र पश्चिमेलाच, डोंगर पूर्वेलाच, मग कोरडेपणाने बाजू का बदलली?

इथे मी घाई करत नाही. ॲटलासमधला वाऱ्यांचा नकाशा उघडायला सांगतो. आरिकाच्या अक्षवृत्तावर वारे पूर्वेकडून येतात. त्यांचं पाणी ॲमेझॉनच्या बाजूच्या उतारावर संपतं. शिवाय किनाऱ्यालगत हम्बोल्ट प्रवाहाचं थंड पाणी आहे. त्याच्यावरची हवा गार आणि जड राहते, वर चढत नाही, म्हणून धुकं येतं पण पाऊस येत नाही. दक्षिणेला, साधारण पस्तीस अंशांच्या पुढे, वारे पश्चिमेकडून येतात. तिथे वाल्दिव्हियाला दोन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस आणि पलीकडे पॅटागोनिया कोरडं. मुलं कोरडा भाग पिवळा रंगवतात तेव्हा तो पट्टा उत्तरेत डोंगराच्या पश्चिमेला सुरू होऊन अँडीज तिरका ओलांडतो आणि दक्षिणेत पूर्वेला उतरतो. सावली डोंगराची असली तरी ती कुठे पडणार हे वारा ठरवतो.

प्रदेशांची नावं आणि सीमा यानंतर शिकवायच्या, असा क्रम मी लावून घेतला आहे. जगाचे नैसर्गिक प्रदेश पाडण्याचा पद्धतशीर प्रयत्न ए. जे. हर्बर्टसन यांनी 1905 साली मांडला. तेव्हापासून दर पुस्तकात तुकडे वेगळे आहेत. तुर्कस्तान कुठे घालायचं? मेक्सिको उत्तर अमेरिकेत, की भाषा आणि इतिहास बघून लॅटिन अमेरिकेत? मुलांना कोऱ्या नकाशावर सीमा आखायची असते आणि मागच्या बाजूला कारण लिहायचं असतं. कारण पटलं की गुण पूर्ण. उत्तर पुस्तकासारखं असण्याची अट नाही.

सर्वांत जास्त वेळ मी साहेलला देतो, सहाराच्या दक्षिण कडेने अटलांटिकपासून सुदानपर्यंत गेलेल्या पट्ट्याला. नायजरच्या राजधानीचा, न्यामेचा, आलेख काढला की पुन्हा ओळखीचं चित्र दिसतं. एप्रिल-मे कडक, पाऊस जून ते सप्टेंबर, एकूण पाचशेच्या थोडा वर, मुख्य पीक बाजरी. या वेळी फसवणूक नाही, साम्य खरं आहे. फरक दिसतो तो समपर्जन्य रेषा ओढल्यावर. महाराष्ट्रात नैऋत्येचे वारे सह्याद्रीला आपटतात, म्हणून घाटमाथ्यापासून माणदेशापर्यंतच्या रेषा डोंगराला समांतर, उत्तर-दक्षिण उभ्या राहतात. (पुढे विदर्भात पाऊस पुन्हा वाढतो, पण त्यात बंगालच्या उपसागराचा वाटा मोठा.) साहेलमध्ये असा अडवणारा डोंगर नाही. गिनीच्या आखाताकडून पाऊस उत्तरेला सरकत जातो, ऑगस्टनंतर माघारी फिरतो. जितकं उत्तरेला जावं तितके त्याचे मुक्कामाचे आठवडे कमी. म्हणून तिथल्या रेषा अक्षवृत्तांसारख्या पूर्व-पश्चिम आडव्या. नायजरमधलं अगाडेझ जवळजवळ सांगलीच्याच अक्षवृत्तावर आहे, पण तिथे पाऊस शंभराच्या थोडा वर. अक्षवृत्त एक असून पाऊस का वेगळा, हे आता मुलं न विचारता बोलू लागतात.

एका वर्षी या नकाशावर काम चालू असताना माण तालुक्यातली एक मुलगी म्हणाली, "सर, म्हणजे तिथले धनगर उत्तर-दक्षिण चालत असणार." तिच्या घरचा वाडा, म्हणजे मेंढरांसह फिरणारा तळ, दसरा-दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातो आणि पावसाळ्याआधी माघारी येतो, म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेला आणि परत. कोकणात भातकापणी झालेल्या शेतात मेंढरं बसवतात, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे मिळतात. तिचा अंदाज बरोबर होता. साहेलमधले फुलानी पशुपालक पावसाळ्यात गुरं उत्तरेच्या गवताकडे नेतात आणि कोरड्या दिवसांत दक्षिणेला येतात. तिथेही कापणी झालेल्या रानात शेणखतासाठी गुरं बसवण्याची रीत आहे. दोन्हीकडे कळपाची वाट पावसाच्या रेषांना काटकोनात जाते. हे मी तिला शिकवलेलं नव्हतं. तिने दोन नकाशे शेजारी ठेवून काढलं.

त्यानंतर आम्ही ट्रेसिंग पेपरवर राजकीय सीमा काढून त्या पर्जन्यरेषांवर ठेवल्या. नायजर आणि नायजेरियामधली सीमा बरीचशी पूर्व-पश्चिम जाते, पावसाच्या रेषांच्याच दिशेने. त्यामुळे दक्षिणेला निघालेल्या कळपाला ती ओलांडावी लागते. इकोवास या पश्चिम आफ्रिकी देशांच्या संघटनेने 1998 साली अशा कळपांसाठी आंतरराष्ट्रीय दाखल्याची पद्धत ठरवली. जानेवारी 2025 मध्ये माली, बुर्किना फासो आणि नायजर त्या संघटनेतून बाहेर पडले, आणि आता ही बातमी आमच्या नकाशावर वेगळ्या रंगाने येते. माणदेशच्या वाड्याला देशाची सीमा लागत नाही. पण त्या मुलीने आमच्या नकाशावरही एक रेषा वाढवली. घाटमाथ्यावर कोयना-चांदोलीचं राखीव जंगल उत्तर-दक्षिण पसरलेलं आहे. त्याच्या गाभ्यात चराई होत नाही, म्हणून वाट वळसा घेऊन उतरते. तो वळसा तिने तुटक रेषेने काढला आणि नकाशाच्या सूचीत त्याची वेगळी खूण लिहिली.