डाग काढणं सोपं, गादी वाळवणं अवघड: गादी-सफाईचा छोटा धंदा



"सर, कमी भांडवलात काय सुरू करू?" असं विचारणाऱ्यांना मी घरी जाऊन गादी साफ करून द्यायचं काम सुचवतो. आपल्या ब्रह्मपुरीत दवाखाने आहेत, लॉज आहेत, बाहेरगावच्या पोरांच्या रूम आहेत. घरात लहान लेकरं आणि म्हातारी माणसं आहेत. गादीला डाग सगळीकडे पडतात, पण चादरीसारखी ती बादलीत बुडवता येत नाही. म्हणून लोक पैसे देतात.

आधी गादी ओळखा

कापसाची गादी धुवायला घेऊच नका. आत गेलेलं पाणी लवकर निघत नाही, कापसाचे गोळे होतात. तिची खोळ उसवून धुवायची आणि कापूस उन्हात टाकून पुन्हा पिंजायचा, हीच पद्धत बरी. गावातल्या गादी भरणाऱ्याशी बोलून ठेवा. तुम्ही त्याला गिऱ्हाईक द्या, तो तुम्हाला देईल. फोम आणि काथ्याची गादी तुमच्या कामाची, पण तीही फक्त वरून. पाणी ओतायचं नाही, फवारायचं. नंतर पाणी ओढणाऱ्या व्हॅक्यूमनं लगेच ओढून घ्यायचं. आत ओल राहिली की बुरशी धरते, वास सुटतो आणि फोन तुम्हालाच येतो.

मग डाग ओळखा

रक्त, दूध, लघवी: थंड पाणीच. गरम पाण्यानं यातली प्रथिनं शिजतात आणि डाग पक्का होतो. बाहेरून मधल्या बाजूकडे टिपत या, घासू नका. डाग जुना असेल तर एन्झाइमवाली पावडर कोमट पाण्यात कालवून थोडा वेळ ठेवा.

हळद: साबण लागला की लाल होते, घाबरू नका. साबण काढून टाका आणि ऊन दाखवा. हळदीचा रंग उन्हानं उडतो.

तेल, घाम: भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, थोडं पाणी, मऊ ब्रश.

चहा, खर्रा: पांढरा व्हिनेगर पाण्यात मिसळून टिपा. खर्‍याचा जुना डाग फिका होतो, पूर्ण जाईलच असं नाही.

व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून फेस काढणारे व्हिडिओ पाहून फसू नका. दोघं एकमेकांचा जोर मारतात. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: लघवीच्या डागावर ब्लीच कधीच टाकायचं नाही, टॉयलेट क्लीनरमध्येही ते मिसळायचं नाही. विषारी वायू तयार होतो. बंद खोलीत तुम्ही असता आणि गिऱ्हाईकाचं लेकरूही असतं.

"नाही" म्हणायला शिका

ढेकणाची गादी घेऊ नका. तुमच्या मशीनमधून ढेकूण पुढच्या घरी जातील. आधी पेस्ट कंट्रोल करायला सांगा. पुराच्या पाण्यात भिजलेली गादीही नको. ऑगस्ट 2020 च्या शेवटी गोसीखुर्द धरणाचं पाणी सोडल्यावर वैनगंगेला पूर आला, आपल्या तालुक्यात लाडजसारख्या गावांना वेढा पडला. अशा पाण्यात नाल्याची घाण असते, ती आतपर्यंत मुरते. वरून गादी चकाचक दिसेल, पण त्यावर झोपणारा आजारी पडेल. ती टाकून द्यायलाच सांगा. पाचशे रुपये जातील, नाव राहील.

"डाग पूर्ण जाईन ना भाऊ?" हा प्रश्न येणारच. काम सुरू करायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा. "फिका होईल, पूर्ण जाईल याची गॅरंटी नाही" असं तोंडानं सांगा आणि पावतीवरही लिहा. कोणतंही औषध आधी कोपऱ्यात लावून पाहा.

हिशोब

समजा, डबल गादीचे 500 रुपये घेतले. साबण-औषध 50, पेट्रोल 50, मदतनीस 100. हातात 300. मशीन, ब्रश, फवारा मिळून 12,000 गेले असतील तर 40 गाद्यांत वसूल. उद्यम नोंदणी ऑनलाइन मोफत होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

सीझन

आपल्याकडे मे महिन्यात पारा 46-47 वर जातो. लोक वैतागतात, पण गादी वाळवायला यासारखी मशीन नाही. मात्र कापसाला जे ऊन चालतं, तेच फोमला दिवसभर दिलं तर तो पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो. फोम सावलीत, दोन्ही बाजूंनी हवा लागेल असा उभा ठेवा. धानाच्या रोवणीच्या दिवसांत हवेतच ओल असते. तेव्हा काम कमी घ्या, पंखा लावूनच घ्या आणि "आज रात्री यावर झोपू नका" असं स्पष्ट सांगा. दिवाळीच्या सफाईत मात्र फोन थांबत नाही. त्याआधी चार-पाच लॉज आणि होस्टेल मालकांना भेटून ठेवा.

डाग काढायचं औषध कोणालाही विकत भेटते. गिऱ्हाईक दुसऱ्यांदा बोलावतं ते गादी पूर्ण वाळवून देणाऱ्याला आणि जे होणार नाही ते आधीच सांगणाऱ्याला. पहिली गादी स्वतःच्या घरची घ्या. हात ठेवून पाहा, वास घेऊन पाहा. तुम्ही स्वतः त्यावर झोपाल असं वाटलं, की मग गिऱ्हाईकाचं दार वाजवा.