औषध एकच, घड्याळ वेगळं!

तुमच्या पोटात उतरणारी दुर्बीण तुमच्याआधी दुसऱ्या कुणाच्या तरी पोटात जाऊन आलेली असते. मधल्या वेळात तिचं काय होतं? वसई-विरारच्या ओळखीच्या खुणांवरून पाहू.

विरार लोकलचं गणित
दवाखान्यातलं नेहमीचं द्रावण म्हणजे २ टक्के ग्लुटाराल्डिहाइड. त्यात उपकरण साधारण २० मिनिटं बुडवलं की होतं हाय-लेव्हल डिसइन्फेक्शन. त्याच द्रावणात १० तास ठेवलं की स्टरिलायझेशन! तेवढ्या वेळात विरार-चर्चगेटच्या जाऊन-येऊन तीन फेऱ्या व्हाव्यात.

वाडीतलं बी
२० मिनिटांत बॅक्टेरिया, विषाणू, बुरशी, टीबीचे जंतूसुद्धा मरतात. चिवट उरतात ते बीजाणू. वर्षभर डब्यात पडलेलं वालाचं बी पावसात रुजतं ना, तसेच हे! त्यांना संपवायला ते १० तास लागतात.

कुणाला किती?
नियम अमेरिकेच्या अर्ल स्पॉल्डिंग यांचा. जठराच्या आतल्या अस्तराला नुसती टेकणारी दुर्बीण असेल, तर हाय-लेव्हल पुरतं. तिच्यातूनच आत जाऊन तुकडा काढणारा बायोप्सीचा चिमटा मात्र स्टराइलच हवा.

आधी ब्रश, मग बुडी
ग्लुटाराल्डिहाइड रक्तातली प्रथिनं घट्ट करून उपकरणाला चिकटवतं. न घासता बुडवलं, तर त्या थराखाली जंतू सुखरूप!

टँकर नको
द्रावणातून काढलेलं उपकरण धुवावं लागतं. पाणी सूर्या धरणाचं असो की टँकरचं, पिण्याजोगं म्हणजे जंतुरहित नव्हे. स्टराइल केलेल्या उपकरणाला स्टराइल पाणीच हवं, नाहीतर सगळी मेहनत वाया.

ओलं ते लगेच वापरा
वाफेने निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हमधलं सामान गुंडाळलेलं असतं, म्हणून टिकतं. द्रावणातलं उपकरण उघडंच बाहेर येतं. स्टराइल म्हणून ठेवून द्यायची सोय नाही.

एक चिमटा, १९ जीव
१९०२. परळच्या प्रयोगशाळेतली शास्त्रज्ञ हाफकिन यांची प्लेगची लस पंजाबातल्या मलकोवालला टोचली गेली. एकाच बाटलीतली लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने गेले, आणि धनुर्वाताचा जंतू बीजाणूंच्या रूपातच मातीत दडतो. हाफकिन निलंबित झाले; १९०७ मध्ये निर्दोष ठरले. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता.

म्हणून पुढच्या तपासणीआधी सिस्टरना मोकळेपणाने विचारा, "दुर्बीण किती वेळ बुडवली होती? धुतली कुठल्या पाण्याने?" नीट काम करणाऱ्या सिस्टरना हे सांगताना आनंदच होईल.