मुलाच्या तबल्याला साथ हवी

फराळाचे डबे अजून भरलेले असतात आणि गावोगावच्या तबल्या-पेटीच्या क्लासांत लगबग सुरू होते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात. एक सत्र एप्रिल-मे, दुसरं नोव्हेंबर-डिसेंबर. म्हणजे दिवाळीची सुट्टी ही शेकडो घरांत तयारीची सुट्टी असते. "सर, तिचा कायदा बसला का?", "लेखीचं पुस्तक कुठलं घ्यायचं?" असे फोन याच दिवसांत येतात. मुलांना पेटीवर लेहरा, म्हणजे ताल दाखवणारी फिरती धून, धरायला मी बसतो, त्यामुळे ही धावपळ जवळून दिसते, आणि तिच्यानंतरची शांतताही दिसते. परीक्षा झाली की अनेक घरांत तबल्यावर कव्हर चढतं ते पुढचा फॉर्म भरेपर्यंत उतरत नाही.

परीक्षा द्यावी, असंच माझं मत आहे. पण वाद्याला चिकटून राहिलेली मुलं पाहिली तर एक गोष्ट सारखी आढळते. त्यांना लवकर, म्हणजे शिकायला लागल्यापासून एखाद-दोन वर्षांतच, कुणाबरोबर तरी वाजवायला मिळालेलं असतं. ही सोय करणं पालकांच्या हातात आहे आणि त्यासाठी स्वतःला संगीत यावं लागत नाही.

आधी परीक्षांविषयी. आपल्या घरांत वाद्य आलं ते ज्या माणसामुळे, त्यांच्याच शिष्यपरंपरेतून या परीक्षा आल्या. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर. लहानपणी फटाक्याच्या अपघातात त्यांची दृष्टी अधू झाली, शाळा सुटली आणि मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांचं गाणं सुरू झालं. त्या काळी गाणं-बजावणं दरबारात किंवा बैठकीत चाले, आणि सभ्य म्हणवणाऱ्या घरातल्या मुलामुलींनी त्यात पडू नये असा समज होता. पलुस्करांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. राजाच्या मर्जीवर न विसंबता देणग्या आणि जाहीर कार्यक्रमांच्या उत्पन्नावर ते चालवलं. वर्ग, ठरलेला अभ्यासक्रम, छापील पुस्तकं, परीक्षा अशी शाळेची घडी त्यांनी संगीताला बसवली. 1931 साली ते गेले आणि त्याच वर्षी शिष्यांनी मंडळ स्थापन केलं. आज पाचवीतली मुलगी शेजारच्या काकूंना "मी प्रवेशिका पूर्ण झाले" असं ताठ मानेनं सांगते, त्यामागे हे काम आहे. म्हणूनच परीक्षांना सरसकट नाकं मुरडणाऱ्यांशी माझं पटत नाही.

पायऱ्या अशा: प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम, विशारद पूर्ण आणि त्यावर अलंकार. पहिल्या पायऱ्यांवर फक्त प्रात्यक्षिक असतं, प्रवेशिका पूर्णला लेखी पेपर सुरू होतो. विशारदच्या पुढचा मामला गंभीर अभ्यासकांचा. बहुतेक मुलांचा संबंध मध्यमापर्यंत येतो, आणि पालकांची खरी मदत लागते ती याच टप्प्यात.

ती मदत कशी करायची हे एका उदाहरणानं दाखवतो. तबल्याच्या परीक्षेत वाजवण्याइतकंच महत्त्व पढंतीला, म्हणजे हातावर टाळी-खाली दाखवत तोंडानं बोल म्हणण्याला आहे. परीक्षक म्हणतात, "झपताल म्हणा. आधी ठाय, मग दुगुन." झपताल दहा मात्रांचा. धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. टाळ्या पहिल्या, तिसऱ्या आणि आठव्या मात्रेवर, खाली सहावीवर. ठाय लयीत मुलगा बिनचूक म्हणतो. दुगुनीला मात्र एका मात्रेत दोन बोल बसवायचे, म्हणजे पाच मात्रांतच अख्खा ठेका संपतो आणि सहाव्या मात्रेला तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. इथे घोटाळा होतो. तोंडात समेचं, म्हणजे पहिल्या मात्रेचं, "धी ना" येतं आणि हातानं त्याच क्षणी खाली दाखवायची असते. आजवर तोंड आणि हात एकमेकांच्या आधारानं चाललेले असतात, आता ते सुटे करायचे. दहापैकी सात-आठ मुलं नेमकी इथे अडतात. कोणी हात थांबवतो, कोणी तोंडाबरोबर टाळीही समेची देऊन टाकतो. तीनतालात हेच नवव्या मात्रेवर घडतं.

यावर उपाय घरचा आहे. आईनं किंवा आजोबांनी समोर बसून फक्त टाळी-खाली धरायची आणि मुलानं बोल म्हणायचे. थोड्या दिवसांनी उलट करायचं, मुलानं टाळी धरायची आणि मोठ्यांनी अडखळत का होईना बोल म्हणायचे. टाळी कुठे, खाली कुठे हे वहीत लिहिलेलंच असतं. जेवणानंतरची दहा मिनिटं पुरतात, तबलाही लागत नाही. मुलाच्या आयुष्यातली ही पहिली साथसंगत. समोरचा माणूस लय सोडत नाही आणि आपल्यालाही सोडता येत नाही, हे त्याला अंगानं कळतं. "रियाज केलास का?" असं स्वयंपाकघरातून ओरडून विचारण्यापेक्षा हे किती तरी अधिक उपयोगी आहे.

लेखी पेपरचंही तेच. गाइडमधून व्याख्या पाठ करणारी मुलं असतात. सम म्हणजे काय, आवर्तन म्हणजे काय, हे घडाघडा सांगतात आणि लेहरा सुरू झाल्यावर सम हातातून निसटते. व्याख्या पाठ करायला हरकत नाही, परीक्षेत ती लिहावीच लागते, पण ती म्हणताना लेहरा लावून ठेवावा आणि सम आली की मुलानं बोट दाखवावं. पलुस्कर आणि भातखंडे यांच्या लिपींतला फरक हाही नेहमी विचारला जाणारा प्रश्न. कोष्टक पाठ करण्यापेक्षा मुलाला येणारा ठेका दोन्ही लिपींत स्वतः लिहू द्या. पुढच्या वर्गांतल्या मुलांच्या पालकांनी अरविंद मुळगावकरांचं 'तबला' घरात आणून ठेवावं. मराठीत या विषयावर इतकं भरीव पुस्तक आहे हे आपलं भाग्य.

वाद्याच्या खरेदीत घाई होते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला थोरल्या भावाचा मोठ्या तोंडाचा दायाँ दिला तर पंजा पसरत नाही, चाटेवर बोट नीट पडत नाही आणि हाताला लागलेलं वळण नंतर मोडणं अवघड जातं. सव्वापाच इंचांच्या आसपास तोंड असलेला, काळी एकला किंवा दोनला लागणारा दायाँ लहान हाताला बरा. गुरूंना बरोबर न्यावं, ते नसतील तर निदान त्यांना विचारून जावं. चुंबळीवर तबला किती कलता ठेवायचा हे मुलाच्या उंचीवर ठरतं. पावसाळ्यात हवेतल्या ओलाव्यानं पुडी सैल पडते आणि सूर उतरतो, उन्हात ठेवला तर चढतो. म्हणून तबला खिडकीपासून आणि एसीच्या झोतापासून दूर असावा. गट्टे ठोकून सूर मिळवणं हे बारा-तेराव्या वर्षापर्यंत गुरूंचंच काम, पण सूर उतरलाय हे मुलाला कळतंय का, ते पेटीचा एक स्वर दाबून अधूनमधून विचारत राहावं. सूर न लागलेल्या तबल्यावर महिनोन्‌महिने रियाज करणाऱ्या मुलाचा कान बिघडतो. पुडी वेळेवर बदलणं ही चैन नाही.

पाश्चात्त्य वाद्यांची कथा थोडी वेगळी. मुंबई, पुणे, गोव्यात पियानो, व्हायोलिन, गिटार शिकणारी मुलं ट्रिनिटी किंवा एबीआरएसएमच्या ग्रेड देतात. एबीआरएसएम ही 1889 पासूनची लंडनची संस्था. तिच्या प्रॅक्टिकल ग्रेडमध्ये दीडशे गुण असतात. शंभरला उत्तीर्ण, एकशेवीसला मेरिट, एकशेतीसला डिस्टिंक्शन. तीन रचनांना मिळून नव्वद गुण, आणि उरलेले साठ स्केल्स, समोर ठेवलेलं नोटेशन प्रथमच पाहून वाजवणं आणि कानाची परीक्षा यांना. बरीच मुलं वर्षभर त्या तीन रचना घोटतात, पाहुण्यांसमोर त्याच वाजवतात आणि परीक्षा झाल्यावर त्याही विसरतात. नवं नोटेशन वाचणं आणि ऐकून ओळखणं ही कौशल्यं दुसऱ्याबरोबर वाजवताना जितकी चटकन येतात तितकी एकट्यानं पुस्तकं सोडवून येत नाहीत.

याचा पुरावा गोव्यात आहे. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या पॅरिश शाळांतून मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना स्वरलिपी, गायन आणि व्हायोलिन शिकवत. प्रमाणपत्राचा प्रश्नच नव्हता. शिकलेलं लगेच रविवारच्या मिस्सेला, फेस्ताला, लग्नाला वाजवायचं असे. चुकलं तर शेजारचा वादक सावरून घेई. याच मातीतून हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांतले कितीतरी वादक आणि अरेंजर आले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतले एक. त्यांच्याकडे व्हायोलिन शिकलेल्या प्यारेलाल यांनी पुढे 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यात त्यांचं नावच अमर करून ठेवलं.

आणि इकडे आळंदी. जोग महाराजांनी 1917 साली तिथे वारकरी शिक्षण संस्था सुरू केली. आळंदीत मृदंग शिकणारा मुलगा बोटं पुरती तयार व्हायच्या आधीच हरिपाठाला उभा राहतो. पुढे टाळकरी, मध्ये विणेकरी, आणि लय पडू द्यायची नाही. त्याचा ठेका साधा असतो, पण तासभर न ढळता चालतो. क्लासमध्ये कायदा-पलट्याची चटकदार बोल वाजवणाऱ्या, मध्यमाला प्रथम श्रेणी मिळवलेल्या मुलाला भजनात बसवलं की तो पाचव्या मिनिटाला गाणाऱ्याच्या पुढे पळालेला मी पाहिला आहे. दोष त्याचा नाही. ठेका धरून दुसऱ्याचं गाणं ऐकत बसायची संधी त्याला कुणी दिलीच नव्हती.

शहरातल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या पालकांना हे सगळं दूरचं वाटेल. पण सोसायटीच्या गणपतीत रोज आरती होते, तिथे ढोलकी कोण वाजवतो? वर्गात पेटी शिकणारी एखादी मैत्रीण असते. तिला दर शनिवारी घरी बोलवा. ती भूपातली बंदिश वाजवेल, तुमचं मूल तीनताल धरेल, दोघं चारदा चुकतील. गाणाऱ्या आजी असतील तर फारच उत्तम, कारण आजी मधेच थांबतात, ओळ परत घेतात, आणि तबलजीला कान उघडे ठेवावेच लागतात. डिसेंबरात पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव असतो. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ 1953 साली सुरू केलेला हा उत्सव परीक्षेच्या सत्रातच येतो. तयारी बुडेल म्हणून मुलाला घरी ठेवणारे पालक आहेत. उलट एका सत्राला न्यावं, आणि मुख्य कलाकाराऐवजी तबलजीच्या डोळ्यांकडे पाहायला सांगावं. तो गायकाकडे किती वेळा पाहतो, हे मोजायला मुलांना आवडतं.

परीक्षेच्या दिवसाबद्दल थोडंसं. नखं आदल्या दिवशी कापलेली असावीत. मांडी घालून तासभर बसता येईल असे कपडे असावेत. आपला तबला नेत असाल तर अर्धा-पाऊण तास आधी पोहोचा, कारण प्रवासात सूर हलतो. मुलाला एवढंच सांगून ठेवा की चुकलास तर थांबू नकोस, पुढची सम पकड. परीक्षकांना चूक दिसतेच, पण मूल चुकीतून बाहेर येतं की नाही तेही ते पाहतात. दाराला कान लावून उभं राहू नका. बाहेर आल्यावर "काय काय विचारलं, किती येतील?" ही उलटतपासणी नको. कोणता ताल वाजवताना मजा आली ते विचारा.

एखादं सत्र सोडावं का? सोडावं. आजारपण, शाळेचा ताण, किंवा नुसतंच मन नसणं ही पुरेशी कारणं आहेत. दरवर्षी एक पायरी असा हिशेब करून पाचवीपासून मुलाला हाकलं की दहावीपर्यंत मध्यमा पूर्ण होते खरी. महाराष्ट्रात दहावीला शास्त्रीय कलांच्या परीक्षांसाठी वाढीव गुणांची सवलत असल्यामुळे हा हिशेब हल्ली फार घरांत चालतो. सवलत जरूर घ्यावी, त्याचे कागद नववीतच शाळेत विचारून तयार ठेवावेत. पण केवळ त्या गुणांसाठी शिकणाऱ्या मुलाला दहावीचा निकाल लागल्यावर तबला वाजवायचं काहीच कारण उरत नाही, आणि नेमक्या त्याच वयात त्याचा हात तयार व्हायला लागलेला असतो. दहावीच्या वर्षात क्लास बंद करावा लागला तर चालेल. रोजची पंधरा मिनिटं आणि आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी गाण्याला ठेका, एवढं चालू ठेवलं तर हात जात नाही.

या सत्रात परीक्षा देणाऱ्या सगळ्या मुलांना शुभेच्छा. पालकांना एक विनंती आहे. प्रात्यक्षिक झाल्यावर निकालाची वाट पाहत बसू नका. जवळच्या देवळातल्या भजनी मंडळाच्या बुवांना, चर्चमधल्या क्वायरच्या मास्तरांना किंवा गाणं शिकवणाऱ्या बाईंना भेटा आणि विचारा, "आमच्या मुलाला आठवड्यातून एकदा तुमच्याबरोबर वाजवू द्याल का?" साथीला माणूस सगळ्यांनाच कमी पडतो. बहुतेक जण हो म्हणतात.