चार टेंगळांची किंमत

थ्रस्ट नीडल बेअरिंगच्या वॉशरला उभी कड असते, आणि त्या कडेला पंच मारून आतल्या बाजूला तीन-चार टेंगळं काढलेली असतात. लाइनवर आम्ही याला स्टेकिंग म्हणायचो. गाडी धावताना या टेंगळांना काहीच काम नसतं. त्यांची नोकरी बेअरिंग खोक्यात भरल्यापासून गिअरबॉक्समध्ये बसेपर्यंतची. परवा एक ड्रॉइंग नजरेखालून घालायला माझ्याकडे आलं. त्यात कडही उडवली होती आणि टेंगळंही. वॉशर सुटे, सुया धरणारा केज सुटा. का, तर 'आता रोबो बसवतो सर, वर कॅमेरा आहे.' निवृत्त माणसाने असल्या गोष्टी मनाला लावून घेऊ नयेत हे कळतं. पण लागलं.

या बेअरिंगचा आधीचा इतिहास लवकर उरकतो. 1949 साली जर्मनीत गेऑर्ग शेफलर यांना सुया केजमध्ये धरून ठेवायची कल्पना सुचली. आपल्याकडे 1965 पासून एनआरबी नीडल बेअरिंग बनवू लागली, फ्रान्सच्या नाडेलाच्या सहकार्याने. पुढची बरीच वर्षं माझ्या लेखी कॅटलॉगची. एएक्सके 2542 म्हणजे भोक 25 मिमी, बाहेरचा व्यास 42, केजची जाडी 2 आणि दोन्ही अंगांना एकेक मिमीचे एएस वॉशर. नंबर लिहा आणि घरी जा. कॉलेजात लुंडबर्ग-पाल्मग्रेन यांचं आयुर्मानाचं सूत्र घोकून घेतलेलं, रोलरसाठी घातांक 10/3. वॉशर घालायचाच राहिला तर आयुर्मान किती, हे एकाही प्राध्यापकाने विचारलं नाही.

खरी मजा 2000 नंतरच्या दशकात. 2001 मध्ये बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सिरीजमध्ये झेडएफची सहा गिअरांची ऑटोमॅटिक आली, 2003 मध्ये मर्सिडीजने सात केले, 2006 मध्ये लेक्ससने आठ. गिअर वाढले तशी प्लॅनेटरी सेटची आणि क्लचची दाटी वाढली. शेजारशेजारचे दोन भाग वेगवेगळ्या वेगाने फिरणार आणि एकमेकांना रेटणार, म्हणजे मध्ये थ्रस्ट बेअरिंग हवंच. अशा दहा जागा धरल्या तर तीस सुटे तुकडे झाले. तेही तेलकट. दोन पातळ वॉशर असे चिकटतात की हाताला एकच वाटावा. एखाद्या जागी वॉशर पडलाच नाही तर सुया थेट मऊ पृष्ठभागावर फिरतात आणि तो खाऊन टाकतात. गॅरेजवाले पेट्रोलियम जेली लावून वॉशर जागेवर चिकटवतात, कारण ती नंतर तेलात विरघळते. मिनिटाला एक गिअरबॉक्स काढणाऱ्या लाइनवर जेली कोण लावत बसणार?

म्हणून तिन्ही तुकडे एकमेकांत अडकवायचे. एका वॉशरला बाहेरून कड, दुसऱ्याला आतून, आणि केज दोघांच्या तावडीत. सांगायला सोपं. टेंगूळ केजच्या वाटेत किती आलं पाहिजे? कमी आलं तर ट्रकच्या हादऱ्यांनी खोक्यातच बेअरिंग सुटतं. जास्त आलं तर दाबून बसवताना केज वाकतो आणि सुया अडकतात. कडक झालेल्या पोलादावर पंच मारावा तर कड तडकते. आधी मारून मग हार्डनिंग करावं तर मिलिमीटरभर जाडीचा वॉशर पापडासारखा वाकडा होतो. एवढं जमलं तरी एक अट उरतेच. बेअरिंग जागेवर बसल्यावर केज टेंगळाला शिवता कामा नये, मोकळाच फिरला पाहिजे. शाफ्ट आणि हाऊसिंगचे मध्य कधीच तंतोतंत जुळत नाहीत. तेवढी हालचाल केजला दिली नाही तर तो घासतो, तेलात लोखंडाची पूड उतरते आणि शेवटी केज तुटतो. त्यात ती कड तेलाची वाट अडवते, म्हणून तिला खाचा ठेवा.

आणि उलटं बसणं! दोन्ही बाजू दिसायला सारख्याच. बाहेरच्या कडेला अशा जिभा काढायच्या की बेअरिंग उलटं ठेवलं तर त्या पायरीवर अडतील, उंची वाढेल आणि पुढचा भाग बसणारच नाही. त्याच कडेला किंचित फुगवटे दिले की ती हाऊसिंगच्या खळग्यात हलकीशी घट्ट बसते आणि अख्खी जोडणी पालथी केली तरी बेअरिंग खाली पडत नाही. पोका-योकेची, म्हणजे चूक करताच येऊ नये अशा रचनेची, व्याख्यानं नंतर गावोगावी झाली. व्याख्याते बहुतेक वेळा असे, ज्यांनी जन्मात डायला हात लावला नव्हता.

खरेदी विभागाशी तेव्हाच वाजायला लागलं. एका ग्राहकाच्या खरेदीवाल्या साहेबांनी भर बैठकीत विचारलं होतं, जे चालत्या गाडीत काहीच करत नाही त्याचे पैसे मी का मोजू? मी कॅलिपर टेबलावर ठेवून बाहेर चहाला गेलो. ते उत्तर आजही पुरेसं वाटतं.

मग सगळं पांगलं. अमेरिकेतली टॉरिंग्टन 2003 मध्ये टिमकेनने घेतली आणि 2009 संपता संपता टिमकेनने तो सगळा नीडल बेअरिंगचा धंदा जपानच्या जेटेक्टला विकला. दर वेळी ड्रॉइंगवरचं नाव बदललं, आणि कुठला आकडा का आला हे सांगणारी माणसं गळत गेली. आपल्याकडे 2014 च्या सेलेरिओपासून ऑटोमॅटिक स्वस्त झाली खरी, पण ती एएमटी. साध्याच गिअरबॉक्सवर क्लच दाबणारं आणि गिअर टाकणारं यंत्र, त्यात प्लॅनेटरीची दाटी नाहीच. आता विजेच्या गाड्यांना बहुतेक वेळा एकच गिअर लागतो. हे मला मान्य आहे. गरज सरली तर वस्तू जावी.

पण ज्या गिअरबॉक्समध्ये गरज आहे, तिथे कॅमेऱ्याच्या भरवशावर कड कापणं वेगळं. कॅमेरा वॉशर आहे की नाही हे बघतो, ते त्या क्षणापुरतं. पुढच्या स्टेशनला जोडणी पालथी होते, तिथे वॉशर घसरला तर कॅमेरा मागे राहिलेला असतो. आणखी सात-आठ वर्षांनी तोच गिअरबॉक्स कोल्हापूरच्या किंवा नांदेडच्या गॅरेजात उघडला जाईल. तिथे रोबो नसेल. मिस्त्री गिअरबॉक्स उलटा करेल, तुकडे ट्रेमध्ये पडतील, कुठला वॉशर कुठल्या बाजूचा हे त्याला अंदाजाने ठरवावं लागेल, आणि गाडी पुन्हा बिघडली की शिव्या त्यालाच बसतील.