फवारणी पंपाचे पेट्रोल तोडू नका

पाठीवरचा टू-स्ट्रोक पंप पेट्रोल फार खातो म्हणून लगेच कार्बोरेटरचा स्क्रू फिरवू नका. या इंजिनाला वेगळे वंगण नाही. ऑइल पेट्रोलातूनच मिळते. पेट्रोल तोडले की ऑइलही तुटते, इंजिन तापते आणि पिस्टन जाम होतो. मग कुठली बचत?

आधी एअर फिल्टरचा स्पंज धुवून वाळवा. पुष्कळदा तक्रार तिथेच मिटते. नंतर पंप भरवेगात चालवून बंद करा, निवल्यावर प्लग काढून बघा. टोक विटकरी असेल तर जुळणी बरोबर आहे. ओली काजळी म्हणजे पेट्रोल किंवा ऑइल जास्त. पांढरट दिसले तर फवारणी थांबवा. पॅकिंगमधून हवा ओढत नसेल, तर पेट्रोल वाढवा : सुईवाल्या कार्बोरेटरात क्लिप एक खाच टोकाकडे सरकवा.